आग ओढणारं इंजिन अन् मी बुजवलेलं भोक

इंजिन चार फेरे फिरलं अन् थांबलं.

मी चाकाला परत बोट लावलं. परत चार फेरे. पाचव्या फेऱ्यात चाक अडखळलं, जरासं मागं आलं अन् उभं राहिलं. समोरचा दिवा मात्र मस्त जळून राहिला होता. टेबलाच्या एका बाजूला प्रिन्सिपल साहेब हात मागे बांधून उभे, दुसऱ्या बाजूला ढोके मॅडम. दोघंही माझ्याकडे पाहून राहिले होते. मी इंजिनाकडे पाहत होतो, कारण मान वर करायची सोय नव्हती.

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली, सौसरच्या एका शाळेतली. मी पांढुर्ण्याचा, डिझेल पंपाचा मिस्त्री. ट्रकला, ट्रॅक्टरला, विहिरीवरच्या इंजिनाला एक पंप असतो. तो डिझेल मोजून, दाबून, इंजिनात फवारतो. तो बिघडला की गाडी काळा धूर सोडते, चढाव घेत नाही, नाही तं सुरूच होत नाही. तो खोलून दुरुस्त करायचा, हे माझं काम. त्या पंपातली दांडी तिच्या नळीत इतकी नेमकी बसते की मधून डिझेलचा थेंब सुटत नाही. सुटला तर पंप गेला. म्हणजे आम्ही दिवसभर एकच करतो, गळती शोधतो अन् बंद करतो. हाताला तीच सवय.

आता हे इंजिन माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. कोण्या मालगुजारानं, म्हणजे जमीनदारानं, इंग्रजांच्या काळात ते शाळेला भेट दिलं होतं. विलायती मॉडेल. सागवानाच्या पाटावर बसवलेलं, पितळेचा सिलिंडर औषधाच्या बाटलीएवढा, चाक बशीएवढं, समोर स्पिरिटचा एक लहानसा दिवा. काचेच्या कपाटात ते कित्येक वर्षं हिरवं पडत होतं. ढोके मॅडम फिजिक्सच्या नव्या टीचर. चार वर्षं वाट पाहून नोकरी लागली होती, सौसरला आईला घेऊन भाड्याच्या खोलीत राहत होत्या. प्रोबेशन संपत आलं होतं. प्रोबेशन म्हणजे पक्की होण्याआधीची परीक्षेची नोकरी. त्यांनी हौसेनं स्वतःच्या सहीवर ते इंजिन कपाटातून काढलं, पिशवीत घातलं अन् बसनं पांढुर्ण्याला माझ्या दुकानात आणलं.

प्रिन्सिपल साहेबांना ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांचं म्हणणं, कपाटात होतं तेव्हा चांगलं होतं, कोणी हात लावायला सांगितलं होतं? सोमवारी छिंदवाड्याहून इन्स्पेक्शनला मोठे साहेब येणार होते. मॅडमच्या नोकरीची फाइल त्याच साहेबांच्या पुढे जाणार होती. प्रिन्सिपल साहेबांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मशीन खराब झाली तं तसा शेरा त्या फाइलला लागेल. शेरा लागला की प्रोबेशन वाढतं, नाही तं घरी बसावं लागतं. हे सगळं मॅडमनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी म्हटलं, मॅडम, मी ट्रकचे पंप उघडतो, हे तं खेळणं आहे.

खेळण्यानं माझी चांगलीच जिरवली.

आपल्याला माहीत असलेलं इंजिन ढकलतं. आत भडका होतो अन् पिस्टनला बाहेर ढकलतो. हे उलटं आहे. याचा पिस्टन बाहेर जाताना दिव्याची ज्योत आत ओढून घेतो. मग एक झडप बंद होते. आत कोंडलेली गरम हवा गार पडते, गार पडली की आकसते, अन् बाहेरची हवा पिस्टनला आत दाबते. गरम वरण डब्यात भरून झाकण लावलं अन् डबा गार झाला की झाकण निघता निघत नाही, तसंच. त्या ओढीवर चाक फिरतं. ताकद अगदी चिमूटभर. म्हणून याला जराशी अडचणही खपत नाही.

संत्र्याचा हंगाम सुरू झाला होता. दुकानापुढे गाड्यांची लाइन. तरी मी आठ दिवस त्या इंजिनाला दिले. चिंच अन् राखेनं पितळ घासलं, गंज काढला, सिलिंडर आतून बारीक पेस्टनं आरशासारखा केला. सिलिंडरच्या बंद तोंडाजवळ सुईएवढं एक भोक होतं, अन् त्याच्यावर एका स्क्रूनं धरलेली पितळेची पातळ पत्ती. पत्ती ढिली, फडफडणारी. मॅडमनं ती पाहून विचारलं होतं, ही कशासाठी असेल? मी म्हटलं, कोण्या अडाण्यानं गळती बंद करायला जुगाड केला असेल. पत्ती काढून फेकली, भोकात डाग भरला, म्हणजे कथील वितळवून ते पक्कं बुजवलं, अन् वरून घासून असं गुळगुळीत केलं की भोक कुठे होतं ते शोधूनही सापडू नये. मला त्याचा फार गर्व वाटला होता. शेवटी उस्तादानं शिकवलेलं केलं, काम संपलं की मशीनला तीन थेंब तेल. दुकानात डिझेलच डिझेल, तिथे दिवा पेटवायची पद्धत नाही. म्हणून ज्योत लावून पाहिलंच नाही, हातानं फिरवलं, लोण्यासारखं फिरलं, अन् गुरुवारी सौसरला घेऊन गेलो.

तर तिथे ते चार फेऱ्यांवर थांबलं.

"काय भानगड आहे मिस्त्री?" प्रिन्सिपल साहेबांनी विचारलं.

त्या वेळेस मी जे बोललो त्याची मला आजही लाज वाटते. माझ्या तोंडातून निघून गेलं, "मशीन ओके आहे साहेब. मॅडमचा दिवा बरोबर नाही लागून राहिला."

खरं तर दिवा मॅडमनं पेटवला होता एवढंच. पण दुकानदाराचं तोंड आपली बाजू आधी धरतं. प्रिन्सिपल साहेब तसेच ऑफिसात गेले अन् अर्ध्या तासात शिपायाच्या हाती मेमो आला. मेमो म्हणजे लेखी ताकीद. मेकॅनिकच्या मते संबंधित शिक्षिकेला उपकरण हाताळता येत नाही, असं त्यात लिहिलं होतं. मॅडमनं वाचला, घडी करून पर्समध्ये ठेवला अन् मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, उद्या येता नं?"

रात्रभर कूस बदलून बदलून अंग दुखलं. शुक्रवारी पहिल्या बसनं सौसरला. इंजिन आता शाळेबाहेर न्यायची मनाई होती, म्हणून लॅबमध्येच बसलो.

पहिले छताचा पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. ज्योत जराही हलली तरी ती आत ओढली जात नाही. सहा फेरे झाले. मग दिवा सरकवून पाहिला, जवळ, दूर, वर, खाली. वात कापली, नवी घातली. सात फेरे. मग पिस्टन काढून पाहतो तं माझे ते तीन थेंब तेल ज्योतीनं जळून काळं चिकट झालेलं. याला तेल चालतच नव्हतं. डिझेल पंप तेलातच जगतो, हे कोरडं जगतं. बाहेर व्हरांड्यात जाऊन पेट्रोलनं सगळं धुतलं, पुसलं, पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याची भुकटी पिस्टनला चोळली. शिसं कोरडं राहून घसरवतं. आता वीस फेरे झाले. एकविसाव्याला परत तेच, पिस्टन आत शेवटाला पोहोचता पोहोचता चाक मागं ढकलल्यासारखं झालं अन् थांबलं.

मग झडप काढली, काचेवर घासून सपाट केली. काही फरक नाही. चाकाचं बेअरिंग पाहिलं. चाक नुसतं सोडलं तं किती तरी वेळ फिरतं. म्हणजे अडचण तिथेही नव्हती. मी उठलो, खिडकीपर्यंत गेलो, परत आलो, बसलो, परत उठलो. मॅडमचा पिरियड संपला की त्या येऊन दारात उभ्या राहत, इंजिनाकडे पाहत अन् घंटी झाली की निघून जात. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. पाच वाजता शिपायानं कुलूप हलवून दाखवलं अन् मी बाहेर पडलो.

घरी बायको म्हणाली, जेवताना तरी बसून जेवा. मी उभ्यानंच पोळी खाऊन राहिलो होतो.

शनिवारी सकाळी दुकान उघडलं तं संत्र्याचा भरलेला ट्रक दारात. ड्रायव्हर दोन दिवसांपासून खोळंबला होता, माल सडायला लागला म्हणून माझ्या नावानं ओरडून राहिला होता. त्याचा पंप मी आधीच दुरुस्त करून ठेवला होता. चढवला, पाइप जोडले, सेल्फ मारला, म्हणजे स्टार्टर दाबला. गाडी सुरू झाली नाही. होणारच नव्हती, कारण पंप खोलला की आत हवा कोंडते. ती कोंडलेली हवा काढल्याशिवाय कितीही सेल्फ मारा, पंप त्या हवेलाच दाबत बसतो. तिला बाहेर काढायला पंपावर एक लहान स्क्रू असतो. हे मी रोज करतो. डोळे झाकून करतो.

मी स्क्रू ढिला केला. फुस्स झालं. आधी हवा, मग फेस, मग साफ डिझेल. अन् मी पाना हातात धरून तसाच उभा राहिलो.

त्या इंजिनात ज्योत आत जाते, आकसते, पिस्टन आत ओढला जातो. पण आत गेलेली सगळी हवा काही आकसून नाहीशी होत नाही. थोडी उरते. पिस्टन परत येताना ती उरलेली हवा जाणार कुठून? ज्या भोकातून जायची ते मी बुजवलं होतं. पत्ती काही कोण्या अडाण्याचा जुगाड नव्हती. ती एकतर्फी दार होती. आतली हवा निघताना उचलायची अन् बाहेरची आत यायला लागली की चिकटून बसायची. पिस्टन शेवटाला मागं ढकलला जात होता तो त्या कोंडलेल्या हवेनं. दोन दिवस ते इंजिन मला तेच सांगून राहिलं होतं.

ड्रायव्हरला म्हटलं, लाग रस्त्याला. तो हिशोबाचं विचारत होता, मी म्हटलं वापस येशील तेव्हा पाहू. झोळीत सामान भरलं अन् बस पकडली.

शनिवार असल्यामुळे बस जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला जाणाऱ्यांनी खच्चून भरलेली. नारळ, हार, टोपल्या. फाट्यावर बस किती तरी वेळ उभी. उतरणाऱ्यांचे पाय संपता संपत नव्हते. तेवढ्या वेळात माझ्या डोक्यात एक हलकट विचार येऊन बसला. गुपचूप कथील काढायचं, नवी पत्ती लावायची अन् म्हणायचं, पाहा, दिवा नीट लावला, चाललं. कोणाला कळणार होतं? माझं नाव सौसर-पांढुर्ण्यात पंपवाला म्हणून होतं, ते तसंच राहिलं असतं. मेमोचं काय, तो माझ्या नावाचा नव्हता. बस हलली तरी तो विचार उतरला नाही.

लॅबमध्ये मॅडम एकट्याच होत्या. मी झोळी ठेवली अन् म्हटलं, "मॅडम, एक सांगायचं होतं."

त्यांनी माझ्यापुढे वही ठेवली. इंजिन माझ्याकडे आणायच्या आधी त्यांनी त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. एकेक भाग, नावासकट. सिलिंडरच्या तोंडाशी ती पत्ती, तिच्याखाली भोक, अन् बाजूला पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह.

"तुम्हाले माहीत होतं?" मी विचारलं.

"गुरुवारी संध्याकाळी वही काढली तेव्हा ध्यानात आलं. ती पत्ती आता नाही आहे म्हणून. पण ती नेमकी काय करते ते मला काल रात्री समजलं. आज तुम्ही नसते आले तं मीच वही घेऊन तुमच्या दुकानात येणार होती."

"मग प्रिन्सिपल साहेबाले काहून नाही दाखवली? मेमो तुमच्यावरून उतरला असता."

"उतरून तुमच्यावर बसला असता," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही सौसरला कशाला आले असते भाऊ? भांडत बसलो असतो दोघं. मला सोमवारी इंजिन चालू पाहिजे."

मी कामाला लागलो. कथील वितळवून भोक मोकळं केलं. पत्तीसाठी माझं फिलर गेज काढलं. हा पोलादी पात्यांचा जुडगा असतो, दोन भागांमधली फट मोजायला. त्यातलं सगळ्यात पातळ पातं दोन थाउचं, म्हणजे इंचाच्या हजार भागांतले दोन. ते कापलं, भोक पाडलं, स्क्रूनं बसवलं. मिस्त्री आपलं गेज कापत नाही, पण त्या दिवशी मी कापलं. मॅडमनं दिवा पेटवला. मी म्हटलं, बोटही तुम्हीच लावा.

चाक फिरलं. वीस झाले, पन्नास झाले, मग मी मोजणं सोडलं. ज्योत दर फेऱ्याला आत चाटली जात होती अन् पत्ती टिकटिक वाजून राहिली होती. मॅडम हसल्या अन् लगेच पदरानं डोळे पुसले.

मी तसाच ऑफिसात गेलो. प्रिन्सिपल साहेबांना म्हटलं, कागद द्या, लिहून द्यायचं आहे. भोक मी बुजवलं, पत्ती मी फेकली, तेल मी घातलं, न तपासता मशीन मी दिली, मॅडमचा यात काही दोष नाही, गुरुवारी मी खोटं बोललो. तिथला सरकारी कारभार हिंदीत, म्हणून हिंदीत लिहिलं, मात्रा चुकल्या असतील, खाली सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं.

"मिस्त्री, असं कोणी लिहून देते का? तुझं दुकान आहे, विचार कर."

"विचार बसमध्ये करून झाला साहेब. आता मेमो फाडा."

ते म्हणाले, ऑफिसात कागद फाडत नसतात, जोडत असतात. त्यांनी माझा कागद मेमोला टाचणी लावून फाइलमध्ये घातला. म्हणजे दोन्ही कागद सोमवारी मोठ्या साहेबांपुढे जाणार होते. मॅडमवर शेरा लागतो की पुसला जातो हे आता त्या टेबलावरच ठरणार होतं.

सोमवारी मी दुकान बंद ठेवलं. लॅबच्या मागच्या बाकावर बसलो, खिशात स्क्रू पिळायचा पेचकस. मोठे साहेब आले, सोबत प्रिन्सिपल साहेब, बगलेत फाइल. मॅडमनं दिवा लावला, बोट लावलं. इंजिन चाललं. साहेब वाकून पाहायला लागले. मॅडम समजावून सांगत होत्या, ज्योत कशी आत जाते, काहून ओढ बसते. तीनेक मिनिटं झाली असतील. मग चाक मंदावलं. अजून मंदावलं. अन् थांबलं.

प्रिन्सिपल साहेबांनी फाइल बगलेतून हातात घेतली. मी बाकावरून उठून पेचकस काढत टेबलापर्यंत पोहोचलो होतो.

"भाऊ," मॅडम म्हणाल्या, "हात नका लावू."

मग त्या साहेबांकडे वळल्या अन् सरळ हिंदीत म्हणाल्या, "सर, इसको अब रुकना ही था." सिलिंडर तापला आहे, त्यांनी सांगितलं. तापला म्हणून आतली हवा गार होत नाही. गार होत नाही म्हणून आकसत नाही, अन् आकसत नाही तं ओढ नाही. बिघाड काही नाही. आता दहा मिनिटं याला तसंच राहू द्यायचं, कोणी काही करायचं नाही, मग हे परत चालेल. न चाललं तर फाइलवर काय लिहायचं ते लिहा.

तसली दहा मिनिटं मी परत कधी काढली नाहीत. साहेबांना चहा आणला, त्यांनी तो पीत पीत फाइल उघडली. मेमो वाचला, मग माझा कागद वाचला, मग माझ्या हातातल्या पेचकसाकडे पाहिलं. मी तो खिशात टाकला. काही तरी आवळावं, सरकवावं, निदान पुसावं म्हणून बोटं वळवळत होती. मॅडम घड्याळाकडे पाहत शांत उभ्या. त्यांच्या हातातला खडू तेवढा मधोमध तुटला.

दहा मिनिटांनी त्यांनी सिलिंडरला बोटाची पाठ लावून पाहिली, दिवा पेटवला, चाक फिरवलं. इंजिन चाललं.

साहेबांनी कप खाली ठेवला अन् प्रिन्सिपल साहेबांना विचारलं, जी मशीन चालते अन् जी मॅडमला एवढी समजते, तिच्याबद्दल हा मेमो कशासाठी आहे? प्रिन्सिपल साहेब म्हणाले, ते आधीचं आहे सर. साहेबांनी मेमोवर आडवी रेघ मारून सही केली. माझ्या कागदावर काहीच केलं नाही. तो तसाच फाइलमध्ये राहिला, अजूनही कुठे तरी असेल.

मॅडम त्या वर्षी पक्क्या झाल्या. इंजिनाचं फिरणारं चाक अन् मुलांचा घोळका पाहायला मी नंतर दोन-तीनदा गेलो, पण हात लावला नाही. पांढुर्ण्यात मात्र गोष्ट पसरली अन् किती तरी दिवस ड्रायव्हर लोक पंप देताना विचारत, मिस्त्री, भोकं तं नाही बुजवणार? मी हसून घेत असे, दुसरं काय करणार.

तेव्हापासून कामात दोन गोष्टी बदलल्या. मशीनमध्ये भोक दिसलं तर ते काहून आहे हे समजल्याशिवाय मी बुजवत नाही. अन् तुम्हीच नीट चालवलं नाही असं गिऱ्हाइकाला म्हणावंसं वाटलं की आधी उठून नळावर हात धुऊन येतो. साबण लावेपर्यंत बहुतेक वेळा माझीच चूक आठवते.